जुळ्या घोडेस्वारांपासून वज्रापर्यंत

दिनारियस हे रोमचे चांदीचे नाणे. इ.स.पू. २११च्या सुमारास, कार्थेजशी युद्ध पेटलेले असताना, ते पाडायला सुरुवात झाली. वजन सुमारे साडेचार ग्रॅम. पुढच्या बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमा देवी. मागे भाले रोखून घोडे फेकणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ, दोघांच्या डोक्यावर एकेक तारा. मराठी वाचकाला इथे अश्विनीकुमार आठवावेत, इतके हे दैवत ओळखीचे वाटते. नंतरच्या नाण्यांवर चार घोड्यांच्या रथातून वज्र घेऊन निघालेला ज्युपिटरही दिसतो. सम्राटांच्या काळात दर्शनी बाजू राजाच्या चेहऱ्याने घेतली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा सुटे. मिनँडर आणि अपोलोडोटस या यवन म्हणजे ग्रीक राजांची जुनी नाणीही तिथे चालत होती. पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाने आपले चांदीचे नाणे घडवले ते अशा परदेशी वळणावर: पुढे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, मागे बाण व वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. मिनँडरच्या नाण्यांवर वज्र अथेना देवीच्या हाती असे. नहपानाच्या नाण्यावरून देवी गेली, आयुध राहिले. आणि वज्र म्हटले की इथल्या माणसाला इंद्रच आठवणार.

या राजवटीची खूण नंदुरबारच्या तापीलाही लागलेली आहे. नहपानाचा जावई उषवदात याने ज्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, त्यांत नाशिकच्या लेण्यातला शिलालेख तापीचे नाव घेतो. तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे तर त्याआधीपासून वसलेले. १९५५च्या सुमारास बी. के. थापर यांच्या उत्खननात तिथली वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली.

नहपानाच्या चांदीचा सर्वांत मोठा ठेवा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडला. नाणी तेरा हजारांवर. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला: एका बाजूस कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळे असलेली अधिकची खूण. नाणी वितळवली नाहीत हे इतिहासाचे भाग्यच, कारण कित्येकांवर डोंगराच्या कमानींआडून नहपानाच्या चेहऱ्याची कड आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून डोकावतात.