सरपणातले पाणी आणि वाळवणीचा काळ

सरपण वाळायला किती काळ लागतो, या प्रश्नाला कोकणात व घाटमाथ्यावर ‘एक उन्हाळा’ असे उत्तर सर्रास मिळते, तर युरोपातील माहितीच्या आधारे लिहिणारे एक ते दोन वर्षांचा काळ सांगतात. परंतु लाकडाची जात, त्याची जाडी, ते फोडले आहे की नाही आणि भोवतालची हवा किती कोरडी आहे, या गोष्टी सोडून सांगितलेला कोणताही काळ फसवा ठरतो. ओकचे सरपण तिकडे दोन वर्षे ठेवावे लागते, कारण तेथील हवा थंड आणि दमट असते, शिवाय ओकच्या काही जातींत वाहिन्या, म्हणजे मुळांकडचे पाणी ज्यांतून वर चढते त्या नळ्या, गाभ्यात फुग्यांसारख्या वाढींनी बुजलेल्या असतात. तो आकडा मराठवाड्यातल्या बाभळीला लावण्यात अर्थ नाही.

लाकूड जितके जड तितके त्यात पाणी अधिक, हा समज फार पक्का आहे आणि तो नेमका उलटा आहे. जड लाकडात पेशींच्या भिंती जाड आणि आतील पोकळ्या अरुंद असतात, त्यामुळे पाण्याला जागाच कमी उरते. बाभळीच्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाएवढेही पाणी मावत नाही, उलट पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात कोरड्या वजनाच्या दुपटीहून अधिक पाणी मावू शकते. तरीही पांगारा आधी वाळतो, कारण त्यातले बहुतेक पाणी पोकळ्यांमधले ‘मोकळे’ पाणी असते आणि विरळ लाकडातून ते सहज निघून जाते. कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के एवढे पाणी मात्र पेशींच्या भिंतींना चिकटून, म्हणजे ‘बद्ध’ स्वरूपात असते. ते सुटू लागले की लाकूड आकसते आणि वाळण्याचा वेग मंदावतो.

टोकांना भेगा पडल्या म्हणजे लाकूड वाळले, ही खूण त्यामुळेच अपुरी आहे. पाणी आडवे जाते त्याच्या १० ते १५ पट वेगाने ते रेषांच्या दिशेने उभे सरकते, म्हणून टोके आधी वाळतात, आकसतात व तडकतात, आणि मध्यभाग ओलाच राहतो. ओले लाकूड चुलीत सारल्यावर त्याच्या बाहेरच्या टोकातून फेस चुरचुरत बाहेर येतो, तो याच वाटेने आलेला असतो. साल तर पाणी जवळजवळ अडवूनच धरते. त्यामुळे तुकडे आखूड करणे आणि ओंडका ओला असतानाच फोडणे, या दोन कामांनी जेवढा काळ वाचतो तेवढा दुसऱ्या कशानेही वाचत नाही. सर्वसाधारणपणे कडक उन्हाळ्यात मनगटाएवढ्या फांद्या महिना-दीड महिन्यात जळणाजोग्या होतात, फोडलेल्या आंब्याला दोन-तीन महिने आणि फोडलेल्या बाभळीला तीन-चार महिने धरावे लागतात. सालीसकट पडून राहिलेला जाड ओंडका मात्र वर्षानंतरही आतून ओला निघू शकतो.

वाळलेले सरपण एकदा पावसात भिजले की वाया गेले, असेही मानले जाते. प्रत्यक्षात ते पाणी वरवरच राहते आणि वारा मिळाल्यास थोड्याच दिवसांत उडून जाते. खरा घात होतो तो ढीग जमिनीला टेकवून चहूबाजूंनी ताडपत्रीत गुंडाळल्याने, कारण मग लाकडातून निघालेली वाफ आतच कोंडते. वर आडोसा, बाजू मोकळ्या आणि खाली दोन आडवी लाकडे, एवढे पुरते. हवेलाही स्वतःची मर्यादा असते: विदर्भातल्या मे महिन्याच्या हवेत लाकडातील पाणी सहा टक्क्यांच्या आसपास उतरू शकते, तर कोकणातल्या जुलैच्या हवेत तेच लाकूड १८ ते २० टक्क्यांवर जाऊन थांबते. चुलीवरच्या माळ्यावर सरपण रचण्याची जुनी रीत म्हणूनच अत्यंत शहाणपणाची आहे; तेथली ऊबदार हवा अधिक कोरडी असते. एकदा ही मर्यादा गाठली की आणखी वर्षे ठेवल्याने लाकूड सुधारत नाही, उलट भुंगेरे आणि वाळवी ते पोखरतात.

ओले लाकूड कमी तापते कारण उष्णता पाणी उकळण्यात जाते, हे स्पष्टीकरणही अर्धेच आहे. १०० किलो ओल्या लाकडात ४५ किलो पाणी असेल, तर ते घालवायला उरलेल्या ५५ किलोंच्या उष्णतेचा साधारण आठवा हिस्सा लागतो. मोठे नुकसान यापुढचे आहे: वाफेने ज्वाला थंड पडते, लाकडातून निघणारे वायू न जळताच धूर होऊन निसटतात, आणि तो धूर फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. सरपण वाळवणे ही जळणाच्या काटकसरीइतकीच तिच्या प्रकृतीची बाब आहे, आणि ती तशी क्वचितच मांडली जाते.

ठोकल्यावर टणटण आवाज येणे ही खूण उपयोगी असली, तरी ती कानावर अवलंबून राहते. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे ढिगाच्या मध्यावरच्या दोन-तीन फोडींवर कोळशाने खूण करून दर आठ दिवसांनी त्यांचे वजन करणे. कोरड्या ऋतूत लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला, की ते सरपण चुलीत घालायला हरकत नाही.