तलावातली रोवणी

दुरून पाहिले तर धानाची रोवणी चालली आहे असेच वाटते. बाया ओळीने वाकलेल्या, पाय चिखलात, हातात हिरव्या जुड्या. पण हे शेत नाही, तलाव आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर या मच्छीमार समाजाच्या बाया इथे माशांसाठी पाणवनस्पती लावतात!

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने ते बांधले. पुढे ते मालगुजारांकडून, म्हणजे जमीनदारांकडून, सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी'चे लोकांच्या तोंडी झाले 'मामा तलाव'. धान या पाण्यावर पिकते आणि ढिवरांचे पोटही याच पाण्यावर चालते.

हे पाणी मात्र आता पूर्वीसारखे येत नाही. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले. असा पाऊस गाळ घेऊन येतो, सांडव्यावरून मासे वाहून नेतो. शिवाय पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात.

रोहू, कटला सहसा तलावात वीण करत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून मच्छीमार संस्था त्यांचे बीज विकत आणून सोडते. एक वाईट पावसाळा आला की तो पैसा गेला. मरळीचे तसे नाही. कल्ल्यांच्या वर तिला हवेचा एक कप्पाच असतो. ती पृष्ठभागावर येऊन आपल्यासारखी हवा घेते, आणि तलाव आटला तर ओल्या चिखलातही तग धरते. तिची वीणही तलावातच होते. फक्त तिला आडोसा हवा.

तो आडोसा 'बेशरम' नावाच्या झुडपांनी गिळला होता. ही परदेशी झुडपे माजली आणि पाण्यातल्या मूळच्या वनस्पती हटल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांच्याच पिढीजात ज्ञानाचा हात धरला. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ढिवरांना ठाऊक होते. मग बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सिरॅटोफायलम लावायचे, असे काम सुरू झाले. हायड्रिला, व्हॅलिस्नेरियाची मुळे गाळ धरून ठेवतात, पाने दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात, देठांवर सूक्ष्म जीव वाढतात आणि माशांचे ताट भरते.

हवामान बदलाला तोंड द्यायचे म्हणजे काहीतरी प्रचंड यंत्रणा लागणार, असे आपण धरून चालतो. इथे ती मुठीत मावते. रोवणी रुजली की कधीतरी गवताच्या फटीत लालसर ठिपक्यांचा एक गोळा थरथरताना दिसतो. ती मरळीची पिल्ले असतात, आणि खाली सावलीत आईबाप पहाऱ्याला असतात. हे बीज कुणी विकत आणलेले नसते.