उलांडीला इंजिन जोडताना

पावसाळी मासेमारी बंदी उठली की चर्चा ट्रॉलरची, एलईडी दिव्यांची, डिझेल परताव्याची होते. उलांडीच्या होडीचं नाव कुणी काढत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची ही अरुंद होडी. एका बाजूला आडव्या दांड्या, त्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका, तीच उलांडी. १ जून ते ३१ जुलैची बंदी बिगर-यांत्रिक होड्यांना लागू नसते. त्याच होडीला मागे इंजिन टांगलं की तिची वर्गवारी बदलते. बांधणी मात्र वल्ह्यांच्या काळातलीच राहते, आणि खरी अडचण तिथे आहे.

उलांडीची ताकद तिच्या आकारापेक्षा अंतरात असते. स्वतःचं वजन वजा जाता वीस किलोची उचल देणारा ओंडका होडीच्या मध्यरेषेपासून दीड मीटरवर असेल, तर पूर्ण बुडताना तो सुमारे ३० किलोग्रॅम-मीटरचा विरोध उभा करतो. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटर कडेला सरकला, तर साधारण तेवढाच भार होडी कलवतो. दुसऱ्या बाजूला होडी कलली की उलांडी पाण्यातून उचलली जाते आणि तिचं वजनच होडीला धरून ठेवतं.

जेम्स हॉर्नेल यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. मद्रास प्रांताच्या मत्स्य खात्याच्या या संचालकांनी १९२० मध्ये भारतीय होड्यांच्या घडणीवर प्रबंध लिहिला आणि आपल्या किनाऱ्यावरच्या उलांडीचा संबंध पूर्वेकडच्या बेटांवरल्या दर्यावर्दींशी जोडला. त्या तर्कावर वाद घालता येईल. पण कोळ्याच्या होडीकडे अभ्यासाचा विषय म्हणून त्यांनी ज्या आदराने पाहिलं, तो आदर आपल्या योजना आखणाऱ्यांकडे अजून आलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिनाने काय बदलतं? पहिली गोष्ट वेग. नऊ मीटरच्या होडीला स्वतःच्या लाटेचा अडसर साधारण सात नॉटला जाणवू लागतो, तीन मीटरच्या उलांडीला मात्र चार नॉटलाच. वल्ह्याने तिथवर क्वचितच पोचायचं, इंजिन सहज पोचवतं. उलांडी बारीक असेल तर ती यापुढेही जाते, पण ओढ वाढते, लाटेत तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली घुसते आणि होडी त्या बाजूला खेचली जाते. म्हणून मोटारीसाठी उलांडी लांब, सडपातळ आणि पुढून वर वळलेली हवी. इंजिनही मध्यरेषेपासून किंचित उलांडीच्या बाजूला बसवलं तर खेच कमी होते. अर्थात त्याचं वजन त्याच बाजूला पडतं, तेव्हा माणसं आणि जाळी दुसऱ्या बाजूला ठेवून तोल साधावा लागतो.

वळणाचंही तसंच. उलांडीच्या दिशेने झटकन वळलं तर होडी बाहेरच्या बाजूला कलते आणि उलांडी पाण्याबाहेर येते. तांडेलाने तिथे वेग आधी कमी करावा.

फिलिपिन्सच्या ‘बांका’ होड्यांना दोन्ही बाजूंना बांबूच्या उलांड्या असतात. तिथे इंजिन सरसकट आलं, तरी उलांडी टिकली. आपल्याकडे मात्र इंजिन आलं की रुंद फायबर होडी घ्या, असाच सल्ला मिळतो. रुंद होडी स्थिर असते, हे खरं. पण तेवढाच वेग गाठायला तिला मोठं इंजिन लागतं आणि इंधनाचं बिल तिथेच फुगतं. जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी ओय्विंद गुलब्रान्सन यांनी २०१२ मध्ये लहान होड्यांच्या इंधन बचतीवर पुस्तिका लिहिली. वेग थोडा कमी ठेवणं हा बचतीचा सर्वांत स्वस्त मार्ग, असं ती सांगते. उलांडीची होडी नेमकी त्या वेगाची आहे.

मत्स्यखात्याने फायबरच्या उलांडीचे दोन-तीन नमुने मालवण, देवगडच्या तांडेलांना वापरायला द्यावेत. जोडणी करताना एक गोष्ट पाहावी. आडव्या दांड्या नुसत्या बोल्टने आवळल्या तर इंजिनाच्या थरथरीने भोकं मोठी होत जातात आणि लाकूड तिथेच फुटतं. काथ्याची बांधणी थोडी हलते, लाटेचा झटका सोसते, आणि सैल झाली तर समुद्रातच पुन्हा आवळता येते.