विश्लेषण : धानाच्या राखणीला बंदूक, की घरचे लग्न?

चंद्रपूर, गडचिरोलीतील जंगलालगतच्या कुटुंबाकडे मोठा पैसा येतो तो धानाच्या चुकाऱ्यांतून आणि मे महिन्यातील तेंदूपानाच्या मजुरीतून. त्यातूनच लग्नाचे गावजेवण, जूनमधील बियाणे-खत आणि रानडुकरांपासून राखणीची सोय करायची असते. राखणीचा विषय निघाला, की बंदुकीचे नाव येते.

परवाना मिळतो का?

मिळू शकतो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो; पोलिसांचा अहवालही लागतो. खर्च मात्र एकदाच होत नाही. परवान्याची मुदत 5 वर्षांची, मग नूतनीकरण. सिरोंचा किंवा भामरागडहून गडचिरोली गाठायचे, तर प्रत्येक खेपेला मजुरी बुडते ती वेगळीच. वडिलांची बंदूकही मुलाला आपोआप मिळत नाही, त्याला स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना भरमार बंदूक घरात सापडली, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार किमान 2 आणि कमाल 5 वर्षे कैद. घरचा कर्ता पुरुष कोठडीत आणि मांडव दारात, असा प्रसंग कोणत्याही घराला परवडणारा नाही. पोलिसांच्या आवाहनानंतर गडचिरोलीतील अनेक गावकऱ्यांनी अशा बंदुका स्वतःहून जमा केल्या आहेत.

मग डुक्कर मारता येते?

हिशेब फसतो तो इथेच. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार वन अधिकाऱ्यांची परवानगी नसेल, तर शेतातले डुक्कर मारणेही गुन्हा ठरते. 2021 पासून गडचिरोलीत धान तुडवणाऱ्या रानटी हत्तींपुढे तर ठासणीची बंदूक निरुपयोगीच. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे स्वस्त वाटते, पण त्यात माणसेच दगावतात.

पैसा कुठे लावावा?

अनुदानावरील सौर कुंपण त्यापेक्षा बरे. नुकसान झालेच, तर वन विभागाकडे लगेच तक्रार करून पंचनामा करून घ्यावा; उशीर झाला तर भरपाई अडकते. लग्नाचा भार सामूहिक विवाहात हलका होतो. 6 जून 2025 रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत आत्मसमर्पित नक्षलवाद्यांच्या 13 जोडप्यांचे विवाह झाले. राज्याच्या 2005 पासूनच्या आत्मसमर्पण योजनेत सोबत आणलेल्या शस्त्राचे पैसे वेगळे मिळतात, पती-पत्नी एकत्र आले तर त्यासाठीही जादा रक्कम असते. या जोडप्यांच्या संसाराला बंदूक खाली ठेवल्यावरच सरकारी हातभार लागला.