सत्तर टक्के कशाचे?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला गेलं की एक आकडा हमखास कानावर येतो: ७० टक्के. आकडा खोटा नाही. पण तो कशाचा, हे विचारायचं राहून जातं, आणि पुढची दोन-तीन वर्षं माणूस स्वतःवर नाराज राहतो ती बहुतेक वेळा या न विचारलेल्या प्रश्नामुळे. म्हणून सुरुवात हिशेबापासूनच करू.

समजा, एका बाईंची उंची १६० सेंटिमीटर आहे आणि वजन ११० किलो. या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ येईल असं वजन ६४ किलो. म्हणजे त्यांच्या अंगावर ४६ किलो वजन 'जादा' आहे. डॉक्टरांचे ७० टक्के या ४६ किलोंचे असतात, ११० किलोंचे नव्हेत. ४६ चे ७० टक्के म्हणजे साधारण ३२ किलो. बाई ७८ किलोवर येतात. एकूण वजनाच्या भाषेत हीच घट २९ टक्के होते. या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन, बायपास आणि स्लीव्ह. बायपासनंतर दीड-दोन वर्षांत एकूण वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास आणि स्लीव्हनंतर २५ टक्क्यांच्या आसपास घट होते. कुणाची थोडी जास्त, कुणाची थोडी कमी. स्लीव्हचा हिशेब केला तर या बाई ८२-८३ किलोवर थांबतील.

सर्जनच्या लेखी ही उत्तम शस्त्रक्रिया झाली. बाईंनी मात्र लग्नातला ब्लाऊज कपाटात जपून ठेवलेला असतो आणि मनात ६० हा आकडा धरलेला असतो. बीएमआयच्या तक्त्यात ७८ किलोला त्या अजूनही 'स्थूल' याच रकान्यात बसतात. कोणाचंच काही चुकलेलं नसताना एक जण समाधानी आणि दुसरी निराश, असं हे चित्र आहे. ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारावं, 'टक्के नकोत, माझं वजन दोन वर्षांनी किती किलोच्या आसपास असेल ते सांगा.' उत्तर कागदावर लिहून घ्यावं.

आता ७८ वरच का थांबायचं? खाणं तर तेव्हाही थोडंच असतं. हे समजायला पोटात नेमकं काय केलं जातं ते पाहावं लागतं.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरची, म्हणजे चहाचे सहा लहान चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, पण अन्न त्यातून जात नाही. ही कल्पना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांची, १९६० च्या दशकातली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहसा वाढत नाही, हे डॉक्टरांच्या पाहण्यात होतं. मेसन यांनी त्या निरीक्षणावरून उपचार घडवला.

तेव्हा समज असा होता की पिशवी लहान, म्हणून घास कमी, म्हणून वजन कमी. हे अर्धंच खरं निघालं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की डाएट करून वजन उतरवलेल्यांचं घ्रेलिन वाढलं होतं, आणि बायपास झालेल्यांचं फारच कमी होतं. ज्यांनी आयुष्यभर डाएट केलं आणि दर वेळी हरले, त्यांच्यासाठी मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. उतरलेलं वजन परत मिळवण्यासाठी त्यांचं शरीर भूक वाढवत होतं. त्यात आळस नव्हता आणि जिभेचे लाडही नव्हते. ऑपरेशननंतर हा निरोप क्षीण होतो. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्याने जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्ती देणारी संप्रेरकं वाढतात. चार घासांतच 'पुरे' वाटतं ते त्यामुळे.

पण शरीराची राखणदारी संपत नाही, तिची पातळी फक्त खाली सरकते. चरबी जसजशी कमी होते तसतसं लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक घटतं, आणि हलकं झालेलं शरीर तेवढ्याच कामाला कमी ऊर्जा खर्च करतं. कधीतरी खाणं आणि खर्च यांचा मेळ बसतो. तो कुठे बसेल हे वय, स्नायू, जुने आजार, चालू औषधं, आनुवंशिकता आणि ऑपरेशनचा प्रकार यांवर ठरतं. आपण मनात धरलेल्या आकड्याशी त्याचा काही संबंध नसतो.

पहिले काही आठवडे पातळ, मग वाटलेलं, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं अन्न, हा क्रम रुग्णालयातून लिहून मिळतो, तो पाळावा. या काळात वजन भराभर उतरतं आणि घरचे खूश असतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अचानक अडकतो. दहा दिवस एक ग्रॅमसुद्धा हलत नाही. लोक इथे घाबरतात. सुरुवातीला शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर वापरतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तो साठा रिकामा होताना पाणीही जातं, म्हणून घट मोठी दिसते. पुढे पाण्याचा तोल सावरतो आणि चरबी जळत असूनही काटा स्थिर राहतो. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, सारख्याच कपड्यांत करावं. कंबरेला टेप लावून ते मापही लिहून ठेवावं. काटा अडकलेला असताना टेप बहुधा हललेली असते.

या पहिल्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे उतरणाऱ्या वजनात स्नायू कमीत कमी जाऊ देणं. त्यासाठी दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि इथे मराठी ताट अडचणीत येतं. आपण वरण-भाताला पोटभर जेवण मानतो. त्यातलं वरण किती पातळ असतं ते पाहावं. वर तरंगणाऱ्या पाण्यात प्रथिनं नसतात, ती तळाशी बसलेल्या डाळीत असतात. वाटीभर घट्ट वरणातून ६ ग्रॅम मिळाले तरी खूप. दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, वाटीभर दह्यातून ५ आणि मूठभर फुटाण्यांतून ६ धरले, तरी बेरीज ४७ वर येते. आणि एवढं सगळं त्या नळीत पहिल्या महिन्यांत मावतच नाही. म्हणून प्रोटीन पावडर सांगतात, आणि ती खेळाडूंची चैन समजून टाळू नये. मासे खाणाऱ्या घरात काम सोपं होतं. बांगडा, सुरमई मऊ शिजते आणि उतरतेही चांगली. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्या, टोफू, मोड आलेली आणि नीट शिजवलेली कडधान्यं यांच्याशी दोस्ती करावी लागते.

जेवताना क्रम उलटा करायचा. आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी किंवा भात. पोळी आणि भात सुरुवातीच्या महिन्यांत छातीत अडकल्यासारखे होतात, तेव्हा घाई नको. लहान घास, खूप चावणं, वीस-पंचवीस मिनिटं. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने, घोट घोट. बायपास झालेल्यांनी गोडाला जपावं. साखर आतड्यात एकदम उतरली तर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. काहींना दोन-तीन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरतात. श्रीखंडाच्या वाटीनंतर घाम फुटून आडवं व्हावं लागलं की घरचे हृदयाच्या डॉक्टरांकडे धावतात, तेव्हा हे आधी माहीत असलेलं बरं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. मूठ मूठ गळतात आणि बायका हादरतात. मोठ्या शस्त्रक्रियेचा आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाचा हा परिणाम असतो. प्रथिनं, लोह, झिंक नीट असेल तर केस परत येतात. दंडाची, पोटाची सैल कातडी मात्र व्यायामाने पूर्ण आवळत नाही, हे आधीच कुणीतरी मायेनं सांगायला हवं. बाळाचा विचार असेल तर किमान बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. आणि वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, तेव्हा त्या काळात गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गोळ्यांवर विसंबून चालत नाही.

आता सगळ्यात नाजूक काळ. साधारण दीड वर्षाने वजन आपल्या तळाला पोचतं, आणि तिथून काही किलो वर येतं. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन केलेले दोन हजार जण आणि न केलेले तेवढेच. ऑपरेशन केलेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के उतरलेलं होतं, दहा वर्षांनी १७ आणि वीस वर्षांनी १८ टक्के. त्यांच्यात बहुतेकांची ऑपरेशनं आता फारशी न होणाऱ्या जुन्या पद्धतीची होती, तरी आलेखाचा आकार आजही तोच दिसतो: खोल उतार, थोडा चढ, मग लांब सपाटी. न केलेल्यांचं वजन वीस वर्षांत जवळपास होतं तिथेच राहिलं. आणि ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूही कमी झाले. तेव्हा ७८ वरून ८२ वर आलेल्या बाईंनी तुलना ७८ शी करू नये, ११० शी करावी. गुडघ्यांचंच पाहा. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं मोजमापातून दिसलेलं आहे. ८२ किलोच्या या बाईंच्या गुडघ्यावरचं ओझं दर पावलाला पूर्वीपेक्षा शंभरहून जास्त किलोंनी कमी झालंय.

चार-पाच किलो वेगळे आणि चढतच जाणारं वजन वेगळं. 'पोट पुन्हा ताणलं गेलं' ही भीती सगळ्यांना असते, पण बहुतेकदा कारण साधं असतं. भूक थोडी परत आलेली असते, आणि खाण्याची रीत बदललेली असते. नळीला घट्ट पनीर जड जातं. चिवडा, बिस्किटं, आइसक्रीम, साखरेचा चहा मात्र अलगद उतरतो आणि तृप्तीही देत नाही. येता-जाता तोंडात टाकलेल्या मुठी कुणी मोजत नाही. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचा लाडू म्हणजे मुख्यतः पिष्टमय पदार्थ, गूळ आणि स्निग्धांश. दारूबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं: बायपासनंतर ती फार लवकर आणि जास्त चढते, आणि ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशांनाही ते लागल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासात, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून, दिसलं आहे.

अशा वेळी लोक डॉक्टरांकडे जायचं टाळतात, कारण लाज वाटते. एवढा खर्च केला, नवऱ्याने सुट्ट्या काढल्या, सासूबाईंनी महिनोन् महिने वेगळा स्वयंपाक केला, आता कोणत्या तोंडाने सांगायचं. ही लाज मला सगळ्यात घातक वाटते. पाच किलो वाढल्यावर गेलं तर आठवडाभराच्या खाण्याची नोंद, प्रथिनं, वजन उचलण्याचा व्यायाम आणि औषधांची छाननी एवढ्यावर पुष्कळदा भागतं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात, त्यांना पर्याय असू शकतात. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधंही ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनासाठी वापरली जातात. टिर्झेपटाइड भारतात २०२५ साली आलं. काहींना दुसरं ऑपरेशनही सुचवतात, विशेषतः स्लीव्हनंतर छातीतली जळजळ असह्य झाली असेल तर. वीस किलो वाढून गेल्यावर हेच सगळं फार कठीण होतं.

घरच्यांसाठी थोडं. 'एक घास आमच्यासाठी' म्हणून वाढू नका. पानात टाकलं तर टाकू द्या. अन्न संपवण्याचा संस्कार इथे उलटी करवतो. पंगतीत यजमानीणबाईंना आधीच हळूच सांगून ठेवलं की आग्रहाची वेळ येत नाही. आणि 'किती उतरलीस गं, काही आजारबिजार?' हा प्रश्न दाराशी आला तर उत्तर द्यायचं काम घरातल्या दुसऱ्याने करावं. काय सांगायचं, किती सांगायचं, हे ज्याचं ऑपरेशन झालंय त्याने ठरवावं.

शेवटची गोष्ट गोळ्यांची. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मल्टिव्हिटॅमिन हे आयुष्यभराचं आहे. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. बायपास झालेल्यांनी अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या टाळाव्यात, जोडाशी व्रण होतो. रक्त पहिल्या वर्षी दोन-तीनदा आणि नंतर दरवर्षी तपासावं. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो. म्हणून गोळ्या सोडल्यावर लगेच काहीच होत नाही आणि सोडल्या तरी चालतं असं वाटू लागतं. मग पाचव्या-सहाव्या वर्षी पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होतं. तोवर गाव बदललेलं असतं, डॉक्टर नवे असतात, पोटावरच्या खुणा फिकट झालेल्या असतात. त्या नव्या डॉक्टरांपुढे बसल्यावर, मुंग्यांबद्दल बोलायच्याही आधी, कोणत्या वर्षी कोणतं ऑपरेशन झालं ते सांगायचं आणि डिस्चार्जचा कागद टेबलावर ठेवायचा.