काचेवरचा साक्षीदार

आजचा विषय जाहीर झाल्यापासून तिघांनी मला फोन करून विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि डॅशकॅमवर काय बोलणार? मी म्हटलं, कशावर विश्वास ठेवायचा, साक्ष कुणाची मानायची, 'दिसलं नाही' म्हणजे 'नव्हतं' असं कधी म्हणता येतं, हेच तर मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. आता तोच प्रश्न माझ्या गाडीच्या काचेला चिकटून बसलाय. गेली सहा वर्षं बसलाय. तेव्हा बोलायचा थोडासा अधिकार आहे, असं समजा.

कॅमेऱ्याचं वेड आपल्या गावाला नवं नाही. बाबूराव पेंटरांनी इथं कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पण तो कॅमेरा आणि हा कॅमेरा यांत एक मोठा फरक आहे. पेंटरांच्या कॅमेऱ्यामागं डोळा होता. काय घ्यायचं, काय सोडायचं, हे ठरवणारा माणूस होता. डॅशकॅमच्या मागं कुणीच नाही. किल्ली फिरवली की तो सुरू, बंद केली की बंद. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली. ती बघायला कुणीच कॅमेरा रोखून बसलेलं नव्हतं. पण तिथं अपघात आणि विम्याच्या भांडणांमुळं लोकांनी गाड्यांत डॅशकॅम बसवलेले होते. कामाला निघालेल्या माणसांच्या त्या चित्रणावरून शास्त्रज्ञांनी उल्केचा मार्ग काढला. हेतू नसलेल्या बघण्याची ही ताकद आहे. आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे, तिकडं मी येतोच.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. ते सलग चित्रण करत नाही. एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करत जातं. कार्ड भरलं की सगळ्यात जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितं. माझा कॅमेरा साधा आहे, तो तासाला सहा-सात जीबी खातो. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात आठ-नऊ तास मावतात. माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गाडी दिवसाला तासभर फिरते, त्यामुळं माझ्या कॅमेऱ्याला आठवड्याभराचं आठवतं. त्यापलीकडं कोरी पाटी. टॅक्सीवाल्याला विचाराल, तर त्याच्या कॅमेऱ्याला कालचंसुद्धा धड आठवत नाही.

गाडीला धक्का बसला की आतला संवेदक तो तुकडा कुलूपबंद करतो, म्हणजे तो पुसला जात नाही. कल्पना चांगली आहे. पण ही कल्पना ज्यानं काढली, त्यानं आपल्या गावातले स्पीडब्रेकर पाहिलेले नव्हते! संवेदनशीलता 'जास्त' वर ठेवली, तर घरापासून रंकाळ्यापर्यंत जाईस्तोवर चार 'अपघात' नोंदले जातात. ही कुलूपबंद प्रकरणं साचत जातात आणि रोजच्या चित्रणाची जागा खातात. म्हणून ती 'कमी' वर ठेवावी, आणि खरंच काही घडलं तर हातानं बटण दाबावं. ते बटण कुठं आहे, हे अंधारातसुद्धा बोटांना माहीत पाहिजे.

कार्ड मरतं, हे दुकानदार सांगत नाही. सारखं लिहायचं आणि पुसायचं, यानं त्याचे कण झिजतात. आणि मरताना ते ओरडत नाही. कॅमेऱ्यावर लाल ठिपका लुकलुकत असतो, आपण निर्धास्त असतो, आणि आत काहीच नोंदलं जात नसतं. महिन्यातून एकदा कार्ड काढून घरी बघायचं, हा नेम मी पौर्णिमेला बांधलाय. हसू नका, तारीख विसरते, पौर्णिमा विसरत नाही. सतत लिहिण्यासाठी बनवलेली वेगळी कार्डं मिळतात, थोडी महाग असतात, तीच घ्यावीत.

दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत काचेजवळचं तापमान साठ अंशांच्या पुढं जातं. आत लिथियमची बॅटरी असेल तर ती फुगते. तिच्याऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा आपल्या हवेत टिकतो. बॅटरी गेली की आणखी एक गंमत होते. घड्याळ मागं जातं आणि चित्रणावर कारखान्यातली कुठली तरी जुनीच तारीख उमटते. चित्रण खरं, पण तारीख खोटी. असा साक्षीदार कोर्टात उभा केला, तर समोरचा वकील पहिल्या दोन मिनिटांत त्याला झोपवतो. म्हणून पौर्णिमेला घड्याळही बघायचं.

गाडी उभी असतानाही चित्रण करण्याची सोय असते. ती मी बंद ठेवलीय. हिशेब सोपा आहे. कॅमेरा साधारण पाव ते अर्धा अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला सहा ते बारा अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी चाळीसच्या आसपास असते. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली की गाडी आठ-आठ दिवस हलत नाही. तोवर बॅटरीनं राम म्हटलेला असतो. ज्यांना ही सोय हवीच असेल, त्यांनी ठरावीक व्होल्टेजखाली वीज तोडणारी वायरिंग करून घ्यावी. आणि ती वायर खांबातल्या एअरबॅगवरून न्यायची नाही, हे मेकॅनिकला बजावावं.

आता मूळ मुद्दा. कॅमेऱ्याला काय दिसतं?

त्याची भिंग रुंद असते, समजा १४० अंश. चित्र आडवं १९२० ठिपक्यांचं. म्हणजे एका अंशाला जेमतेम चौदा ठिपके आले. पुढच्या गाडीची नंबरप्लेट अर्धा मीटर रुंद असते. दहा मीटरवरून ती तीन अंशही भरत नाही, म्हणजे चाळीसेक ठिपके. त्यांत दहा अक्षरं बसवायची, म्हणजे अक्षराला चार ठिपके. वाचता येत नाही हो! पाच-सहा मीटरवर यावं लागतं. 'कॅमेरा आहे, नंबर मिळेलच' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब घरी करून बघावा. म्हणूनच मी एक सवय लावून घेतलीय. नंबर डोळ्यांनी वाचायचा आणि मोठ्यानं उच्चारायचा. आवाज नोंदला जातो.

हे गणित माझ्यासाठी नुसतं गणित राहिलं नाही. मागच्या एका ऊसहंगामात आम्ही दोघं राधानगरी रस्त्यानं परत येत होतो. दिवेलागणीची वेळ. पुढं दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागं एक मोटरसायकल, तिच्या मागं आम्ही. रस्ता उजवीकडं वळत होता, त्यामुळं लांब का होईना, ट्रॅक्टरचं डोकं दिसत होतं. मोटरसायकलवाला ओव्हरटेक करायला निघाला आणि त्याच वेळी ट्रॅक्टर उजवीकडं शेताच्या वाटेला वळला. पोरगा पहिल्या ट्रॉलीच्या चाकाजवळ आपटला. जीव वाचला, पण पाय तीन ठिकाणी मोडला. आम्ही त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

चार दिवसांनी त्याचा मामा घरी आला. चित्रण पाहून म्हणाला, "सर, बघा की, ह्यानं हात दाखवलेलाच न्हाई. हेच कोर्टात द्या." दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याचा भाऊ आला. त्याचं म्हणणं, हात दाखवला होता, कॅमेऱ्यात असणारच. माझं लक्ष मोटरसायकलवर होतं, मी हात पाहिला नाही. आमच्या सौ. ठाम होत्या, की ड्रायव्हरचा हात बाहेर आला होता. चित्रणात हात नाही. आता खरं काय?

इथं मला आपली जुनी मंडळी उपयोगी पडली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? तो दिसत नाही, यावरून. नैयायिक त्याला वेगळं प्रमाण मानत नाहीत, ते भांडण आज सोडून देऊ. पण एका अटीवर सगळ्यांचा कटाक्ष आहे. न दिसणं 'योग्य' असलं पाहिजे. म्हणजे, घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं ठरत नाही.

मी तीच कसोटी लावली. ट्रॅक्टरचं डोकं आमच्यापासून तीस-पस्तीस मीटरवर होतं. बाहेर आलेला हात धरा अर्धा मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर जाड. पस्तीस मीटरवर त्याची लांबी अकरा ठिपके आणि जाडी दोन ठिपके होते. त्यात संध्याकाळचा अंधुक उजेड. उजेड कमी असला की कॅमेरा चित्रातले कण 'साफ' करतो, आणि त्या साफसफाईत असले दोन ठिपके पहिल्यांदा जातात. म्हणजे हात असता, तरी दिसला नसता. कॅमेरा हाताबद्दल काहीच सांगत नाही. 'नव्हता' असंही नाही.

पण ट्रॉलीचा मागचा दिवा? तो आमच्यापासून बारा-पंधरा मीटरवर. साधा बल्ब, वळायचं सूचन करताना लुकलुकणारा. अंधारात तो लागला असता, तर चित्रात लाल-पिवळा डाग उमटलाच असता. त्याच चित्रणात मोटरसायकलचा छोटा दिवा व्यवस्थित दिसतोय. म्हणजे इथलं न दिसणं योग्य आहे. दिवा लागला नव्हता, हे ज्ञान पक्कं. (काही एलईडी दिव्यांच्या बाबतीत मात्र जपून. ते इतक्या वेगानं उघडझाप करतात की चालू दिवा चित्रात क्षणभर विझलेला दिसतो. चौकातल्या सिग्नलबाबत हे मी स्वतः पाहिलंय.)

पोलिसांना मी कार्ड दिलं आणि जबाबात हे सगळं लिहून दिलं. मी काय पाहिलं, पत्नी काय म्हणते, कॅमेरा काय दाखवू शकतो आणि काय दाखवू शकत नाही. मामा चिडला. म्हणाला, "सर, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचं?" त्याचं चिडणं मी समजू शकतो. दवाखान्याचं बिल त्याच्या खिशात होतं. हात दाखवला नाही असं ठरलं तर भरपाई पूर्ण मिळते, दाखवला असं ठरलं तर पोराच्या निष्काळजीपणाचा वाटा त्यातून कापला जातो. दोन ठिपक्यांवर एवढं अवलंबून. प्रकरण अजून न्यायाधिकरणापुढं आहे.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण या बाबतीतला सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच भांडणातून आलाय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला, असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. त्यासोबत कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देईनात. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नक्कल दिली तर प्रमाणपत्र हवंच. मात्र मूळ यंत्र घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर त्याची गरज नाही. गोरंट्याल यांनी प्रमाणपत्रासाठी शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून त्यांना अडवलं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपला, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

व्यवहारात याचा अर्थ असा, की काही घडलं तर कार्ड काढून बाजूला ठेवा आणि नवं घाला. कार्डाच्या किमतीकडं बघू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नक्कल ही नकलेची नक्कल असते, ती चेपलेली असते. पोलिसांना कार्ड दिलंत तर पंचनामा किंवा पोच मागून घ्या. आणि आपल्या सोयीचा तुकडा कापून देऊ नका. त्याच चित्रणावर तुमचा वेगही उमटलेला असतो, हे लक्षात असू द्या.

'साक्षी' म्हणजे साक्षात पाहणारा, ही व्युत्पत्ती पाणिनीइतकी जुनी आहे. पण कोर्टातल्या साक्षीदाराची आणखी एक खूण असते, त्याची उलटतपासणी घेता येते. कॅमेऱ्याला विचारता येत नाही, की बाबा, तू कुठं बघत होतास? ते प्रश्न मालकाला विचारले जातात. म्हणून मला वाटतं, की डॅशकॅम घेतला म्हणजे साक्ष देण्यातून सुटका झाली असं नाही. उलट आपण त्यात जास्त गुंततो.

राहिला आवाजाचा प्रश्न. आमच्या गाडीत पाहुणे बसतात, वाटण्यांबद्दल बोलतात, सुनांबद्दल बोलतात. सगळं नोंदलं जातं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती वापराला लागू होत नाही, हे खरं. पण पाहुण्याला मी कायदा थोडाच दाखवणार? गाडीत कुणी बसलं की मी सांगतो, "आवाज चालू आहे, बंद करू का?" दहातले आठ जण 'असू दे' म्हणतात आणि मग पाच मिनिटं हवापाण्याबद्दल बोलतात. गंभीर विषय निघाला की मी आपण होऊनच बंद करतो.

शेवटची एक गोष्ट, मग प्रश्न घेऊ. जुनं कार्ड नातवाला मोबाईलसाठी देऊ नका, आणि गाडी विकताना कॅमेऱ्यात तर अजिबात विसरू नका. फॉरमॅट केलं तरी आतलं बरंचसं परत काढता येतं. तुमचं फाटक, तुम्ही किती वाजता बाहेर पडता, घर कधी बंद असतं, सगळं त्यात असतं. मी तर जुनी कार्डं पकडीनं मोडतो. दोन तुकडे, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या कचऱ्यात.