इंजिन उचलावे कसे?

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातले गाव. पुणे-सातारा रस्त्यावर आहे. उत्तरेला कात्रजचा घाट, दक्षिणेला खंबाटकीचा. मालमोटारी रात्रंदिवस धावतात. अशा रस्त्यावर गाड्या दुरुस्त करणाऱ्याने इंजिन उचलण्याचे काम नीट शिकून घ्यावे.

इंजिन कशासाठी उचलायचे? गाडीच्या सांगाड्याला चासी म्हणतात. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये रबराच्या जाड गाद्या असतात. गॅरेजात त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिनाची थरथर त्या पोटात घेतात. उष्णता, गळके तेल आणि घाटातले हिसके यांनी रबर फाटते. मग गिअरचा दांडा थरथरतो. क्लच सोडला की धाडकन आवाज होतो. अशा वेळी गादी बदलावीच लागते.

पण इंजिन म्हणजे खेळणे नव्हे. मोठ्या मालमोटारीचे इंजिन चार-पाच क्विंटल भरते. म्हणजे ५० किलोची आठ-दहा तांदळाची पोती! ते हातावर आले तर हात राहील का?

म्हणून काम असे करा. गाडी सपाट, टणक जागी उभी करा. हातब्रेक ओढा. चाकांना पुढून-मागून ठोकळ्यांची उटी लावा. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची तार सोडा. पंखा, पाण्याचे नळ, सायलेन्सरचा पाइप कुठे ताणला जात नाही ना, ते बघा.

साखळीची कप्पी असेल तर उत्तम. ती मजबूत तुळईला टांगा. साखळी इंजिनाच्या उचलायच्या कड्यांतच अडकवा. कप्पी नसेल तर जॅक घ्या. पण तो तेलाच्या चेंबरला नुसता टेकवू नका. चेंबर दबतो किंवा तडकतो. मध्ये जाड, रुंद फळी ठेवा.

आधी वजन कप्पीवर किंवा जॅकवर घ्या, मगच गादीचे बोल्ट काढा. एका वेळी एकाच बाजूची गादी सोडा. गादी निघण्यापुरतेच इंजिन उचला. लगेच खाली टणक लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्या. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातले तेल झिरपले तर तो गुपचूप खाली बसतो.

फटीत बोटे घालू नका. गादी पहारीने सरकवा. नवी गादी बसवून बोल्ट आधी हाताने लावा. टेकू काढा, इंजिन हळूच उतरवा, मग पान्याने आवळा.

गिऱ्हाईक घाई करील. करू द्या. टेकू द्यायला दोन मिनिटे लागतात. तेवढी त्याला थांबवा. हात शाबूत राहिले तरच उद्याचे काम आहे.